मधेच अडणारा व्हिडिओ: एका संख्याशास्त्राच्या कोर्सबद्दल

याआधीचे दोन ऑनलाइन कोर्स मी तिसऱ्या आठवड्यात सोडले होते. त्यामुळे संख्याशास्त्राचा हा बारा आठवड्यांचा कोर्स शेवटच्या परीक्षेपर्यंत केला, हे आधी सांगून टाकते. नोकरी सांभाळून, रात्री साडेनऊनंतर.

सोडून देणारी मी एकटीच नाही म्हणा. एमआयटीने २०१२ साली सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स सगळ्या जगाला फुकट खुला केला, तेव्हा दीड लाखावर लोकांनी नावं नोंदवली. प्रमाणपत्रापर्यंत पोचले सात हजारांच्या आसपास.

इथले व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचे आहेत. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा २०१४ चा एक अभ्यास आहे. लोकांनी व्हिडिओ बघितल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी त्यात तपासल्या आणि सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच सगळ्यात जास्त बघितले जातात असं निघालं. असेल. पण मी सहा मिनिटांतही दुसऱ्या टॅबमध्ये मेल उघडून बसू शकते. आधीच्या दोन्ही कोर्सचं तेच झालं होतं. शिकवणारा बोलत राहायचा, मी माना डोलवायचे आणि शेवटी हिरवी टिक यायची.

या कोर्सने ते होऊ दिलं नाही. व्हिडिओ मधेच थांबतो, प्रश्न येतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पाचव्या आठवड्यात मी दीडपट वेगाने ऐकत कपड्यांच्या घड्या घालत होते. अचानक आवाज बंद. स्क्रीनवर प्रश्न: पी-व्हॅल्यू ०.०३ आली, याचा अर्थ काय? मी हातातला टॉवेल न ठेवताच पर्याय दाबला, ‘नल हायपोथेसिस (म्हणजे खरा फरक किंवा परिणाम काहीच नाही, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के’. चूक! नल हायपोथेसिस खरी आहे असं धरून चाललं, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता ३ टक्के. ऐकायला एकच वाटतं, पण वाक्य उलटं आहे. ऑफिसच्या अहवालांत मी वर्षानुवर्षं ते उलटंच वाचत आले होते. त्या रात्री घड्या तशाच राहिल्या, आणि तेव्हापासून व्हिडिओ लावताना वही पुढ्यात असते.

दुसरी जमेची बाजू म्हणजे पाच जणांचा गट. दर आठवड्याला एकाने एक गणित बाकीच्या चौघांना समजावून सांगायचं. माझी पाळी आली ती नेमकी नमुन्याचं व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढताना एन, म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या, याऐवजी एन वजा एकने का भागतात यावर. सूत्र पाठ होतं, कारण येत नव्हतं. चौघांसमोर हसं नको म्हणून दोन रात्री बसले. एकटी असते तर ‘असतं तसं’ म्हणून पुढे गेले असते.

सलग किती दिवस आलात त्याचा आकडा आणि बिल्ले मात्र निव्वळ शोभेचे. एकोणिसाव्या दिवशी मी फक्त तो आकडा तुटू नये म्हणून ॲप उघडलं, एक बटण दाबलं आणि झोपले. ॲपने शाबासकी दिली!

आता तक्रारी. शंका विचारली की उत्तर चार-चार दिवसांनी येतं, तोवर त्या आठवड्याची चाचणी बंद झालेली असते. आठवड्याचा थेट तास म्हणजे स्लाइड वाचून दाखवणं. दोनदा बसले, मग नाद सोडला. आणि उत्तरं तपासणारी यंत्रणा! मी ०.५ ऐवजी नुसतं .५ लिहिलं म्हणून चूक धरलं. मेल केली, उत्तर आलं, ‘सूचना नीट वाचाव्यात’. वाचल्या. त्यांत तसं कुठेच म्हटलेलं नाही.

नोकरी करून शिकणाऱ्यांनी आठवड्याला सहा तास काढायची तयारी ठेवावी. जाहिरातीत तीन म्हटलंय, ते गट धरून नव्हे. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर सतत अडवणारे हे व्हिडिओ तुम्हाला वैताग आणतील.

चार स्टार. पाचवा त्या शून्यापायी गेला.