पणजीच्या फोंतैन्हासमधलं जुन्या चिनी भांड्यांचं दुकान: चिठ्ठी सोडा, बूड बघा

दुकान लहान, माल मात्र निवडक. भाटकारांच्या, म्हणजे गोव्यातल्या जमीनदारांच्या वाड्यांतून निघालेल्या बश्या, झाकणाची सूपपात्रं, फुलदाण्या. बहुतेक सगळं मांचूंच्या छिंग राजवटीतलं (1644–1912). घोळ आहे तो चिठ्ठ्यांचा.

निळ्या-पांढऱ्या बशीच्या बुडाला कांगशी सम्राटाच्या नावाची चार अक्षरं दिसली की चिठ्ठीवर सरळ '1662–1722'. हे चूक आहे. 1673 मध्ये सेनापती वू सानग्वेने मांचूंविरुद्ध बंड केलं, त्या धामधुमीत जिंगडेझेन या चिनी भांड्यांच्या मुख्य गावातल्या भट्ट्या जळाल्या. बंड मोडल्यावर कांगशीने त्या पुन्हा पेटवल्या. पण 1677 मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायला मनाई केली होती. भांडं फुटून उकिरड्यावर गेलं तर नावाची विटंबना. म्हणून त्या काळच्या अस्सल बाजारी मालावर बऱ्याचदा दोन निळी वर्तुळंच असतात, आत एखादं पान, किंवा काहीच नाही. चार अक्षरी 'कांगशी' मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. रोमन लिपीत 'चायना' असेल तर माल साधारण 1891 नंतरचा.

इथली खरी दौलत आतल्या कपाटात आहे: कँटनच्या गुलाबी बश्या. भांडं जिंगडेझेनचं, रंगकाम ग्वांगझौचं, म्हणजे कँटनचंच. मधल्या गोलाभोवती आळीपाळीने माणसांचे आणि पक्षी-फुलांचे कप्पे. गुलाबी रंग सोन्यापासून करतात आणि झिलईवर चढवून मंद आचेवर दुसऱ्यांदा भाजतात, त्यामुळे तो बोटाला किंचित उंच लागतो. बशी खिडकीपाशी तिरकी धरा. वापरलेल्या बशीत सुरीचे बारीक ओरखडे आणि कडेचं सोनं विरलेलं दिसायलाच हवं. बूड झिजलेलं आणि सोनं मात्र झगझगीत, तर मुलामा नंतरचा.

कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा: धड भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. अतिनील टॉर्च जवळ ठेवा. नव्या डागडुजीचा भाग बहुधा वेगळा चमकतो. दुकानदार हे सगळं करू देतात, ही मोठी गोष्ट.

घरी आणल्यावर कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर नकोच. भिंतीवर टांगायची तर उघड्या तारेचा आकडा घेऊ नका, कडेचे टवके उडतात.

बिलावर काळ आणि डागडुजी लिहून घ्या, विक्रेत्याचा पुरावस्तू परवानाही पाहा. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. लिस्बनच्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर आधीच थांबा.