विंडोज 10 गेलं, लॅपटॉप राहिला: टॉवेलच्या कारखान्यात लिनक्स मिंटचे साडेसात महिने

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून काढलेली खोली. तिच्यात एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप, एक लेझर प्रिंटर, आणि सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत परत बसणारी सुताची धूळ. लॅपटॉप 2015 चा आहे, पाचव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज 10 सुद्धा त्याच वर्षी 29 जुलैला आलं, म्हणजे दोघांनी दहा वर्षं जोडीनं काढली. पण विंडोज 10 चा शेवटचा दिवस ठरलेला होता, 14 ऑक्टोबर 2025, आणि ते जाताना लॅपटॉपलाही घेऊन जाणार होतं.

कारण विंडोज 11 ला रॅम 4 जीबी चालते, डिस्क 64 जीबी चालते, पण इंटेलचा प्रोसेसर मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच लागतो, शिवाय टीपीएम 2.0 पाहिजे. टीपीएम म्हणजे कुलपाच्या चाव्या सांभाळणारी चिप. सुरक्षेसाठी हवी, हे म्हणणं खोटं नाही. तरी मला ते पटलं नाही. आमच्या शेडमध्ये दोन माग अण्णांच्या वेळचे आहेत. पट्टा बदलतो, धोटा बदलतो, चालतात. परवडेनासे झाले की भंगारात किलोवर जातील, पण तो दिवस आम्ही ठरवणार, माग बनवणारा नाही. हे मी दिवाणजींना मोठ्या आवेशात ऐकवलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मालक, मागाला व्हायरस लागत न्हाई ओ."

आता यावर काय बोलणार?

मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा संपला, म्हणजे अपडेट थांबले, तरी मशीन बंद पडत नाही, एवढं आधी सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. दिवाळी आठवड्यावर, पाडव्याला वहीपूजन, आणि त्यात कुणीतरी सांगून गेलेलं की 15 तारखेला कॉम्प्युटर उघडणारच नाही. तसं काही नसतं. मशीन चालूच राहतं, फक्त नवं भोक सापडलं तर बुजवणारा कुणी नसतो. बँक आणि जीएसटी ज्या मशीनवर चालतं तिथं ते परवडत नाही.

नवी पेठेत एका दुकानात चौकशी केली. तिथल्या पोरानं लॅपटॉप उघडूनसुद्धा बघितला नाही, "नवाच घ्या की" म्हणाला. चाळीस हजारांच्या खाली बरं काही दाखवलंही नाही. 22 सप्टेंबरला मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून मला वाटलं इथंही काही सुटेल. लॅपटॉप आधीपासूनच 18 मध्ये, त्यामुळे काही नाही. पुढं डिसेंबरात बातमी आली की मायक्रॉन कंपनी क्रूशल नावानं घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, विकायचं बंद करणार, कारण सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांकडं चाललाय. रॅमचे भाव तर आधीच चढायला लागले होते. म्हणजे एका हातानं चालता लॅपटॉप जुना ठरवायचा आणि दुसऱ्या हातानं नवा महाग करायचा. दोन्ही हात वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत हे मला कळतं, पण खिसा एकच आहे ना!

वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, तीही सांगतो. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट, त्यासाठी एकतर 30 डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे 1000 रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा आपल्या सेटिंग त्यांच्या क्लाउडवर ठेवा, मग फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिकडं ही क्लाउडची अट काढून टाकली. आपल्याकडं कायम. इतकी साधी गोष्ट तिथल्या लोकांना मागितल्यावर मिळते आणि आपल्याला मागायचं सुचतही नाही, याचा राग मला मायक्रोसॉफ्टपेक्षा आपलाच जास्त आला. डेस्कटॉपवर हिशेबाचं टॅली आहे म्हणून त्याला ही मुदतवाढ घेतली. लॅपटॉपसाठी मात्र पुतण्या म्हणाला, "काका, लिनक्स टाका की. काय व्हायलंय?"

बरंच काही व्हायलंय, पण क्रमानं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट हा तिचा एक प्रकार.

आधी एसएसडी आणि रॅमची 4 जीबीची एक सेकंडहँड पट्टी टाकली, दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत. मग लिनक्स मिंट 22.2, एक्सएफसीईवालं हलकं रूप. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, हिचं नाव झारा. उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या 24.04 आवृत्तीवर बांधलेली आहे, अपडेट 2029 पर्यंत. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, आणि हे मी प्रत्येकाला करायला सांगेन. कारण आम्ही ते केलं नाही. पुतण्यानं थेट इन्स्टॉल मारलं आणि सुरू झाल्यावर वायफायच नाही. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, नेटवरून उतरवावा लागतो, आणि नेट पाहिजे तर वायफाय पाहिजे. कोंबडी आधी का अंडं. शेवटी मोबाइल केबलनं जोडून त्याचं नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, एक टिचकी, रीस्टार्ट, झालं. पाच मिनिटांचं काम, पण ते कळायला रात्रीचे अकरा वाजले.

वेगाबद्दल खरं बोलतो. पूर्वी लॅपटॉप चालू करून चहा सांगायचा, चहा येईपर्यंत तो उघडायचा. आता चहावाल्याला हाक मारेपर्यंत उघडतो. पण यातलं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं आहे. लिनक्सचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत. लिनक्सचं श्रेय असं की अडीच तास काम झाल्यावरही तो तसाच राहतो. मध्येच अपडेटसाठी अडून बसत नाही, आणि नवीन लॅपटॉप घ्या म्हणून पूर्ण पडदा झाकून जाहिरात दाखवत नाही. पलीकडं काही नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये रिकॉल म्हणून सोय आहे, तुमच्या पडद्याचे फोटो काढत राहते आणि पुढं शोधायला मदत करते. चालू करायची का नाही ते आपल्यावर आहे म्हणतात. ठीक आहे. पण माझ्या पडद्यावर गिऱ्हाइकांचे दर असतात. त्यांचे फोटो कशाला पाहिजेत?

आता मुख्य दुखणं, मराठी. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण लिनक्सचा अनुभव सांगणारे बहुतेक जण इंग्रजीतच काम करतात.

दिवाणजींची वीस वर्षांची पत्रं, कोटेशनं, कामगारांच्या सूचना, सगळं कृतिदेवमध्ये. पहिल्या दिवशी त्यांनी फाइल उघडली आणि गप्पच झाले. मग म्हणाले, "मालक, उघडायलाय लवकर, पण माझी अक्षरं कुठं गेली ओ?" पडद्यावर 'सोलापूर'च्या जागी एल के एस वाय के आय डब्ल्यू जे. त्यांना वाटलं फाइल खराब झाली. खरं म्हणजे फाइल पहिल्यापासून तशीच होती. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी स, काना, रफार अशी चित्रं काढतो. फॉन्ट काढून घ्या, मराठी गेली. विंडोजवर फॉन्ट बसवलेला होता म्हणून वीस वर्षं हे झाकून राहिलं, यात लिनक्सचा काही दोष नाही. तोच फॉन्ट लॅपटॉपवर कॉपी केला आणि अक्षरं परत आली. पण मी त्याच दिवशी ठरवलं, जुनं राहू दे, नवीन सगळं युनिकोडमध्ये, जिथं मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं.

ठरवणं सोपं होतं. दिवाणजींची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेली, मिंटमध्ये मराठीला तयार मिळतात इनस्क्रिप्ट आणि कागप हे कीबोर्ड. मी इनस्क्रिप्ट लावलं, डावीकडं स्वर, उजवीकडं व्यंजनं. पहिले दोन आठवडे त्यांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते असो. अडलं ते 'दुसऱ्या'वर. त्यांच्या हातून 'दुसर्या' उमटायचं, रफार 'या'च्या डोक्यावर. शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा, मग य. हे एकदा जमल्यावर त्यांनी कागदावर 'दुसऱ्या, चौऱ्याण्णव, सुऱ्या' असं ओळीनं छापून काढलं आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलं. अजून आहे. आणखी एक गोष्ट मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हती. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या पॅकेजमध्ये, मजकुराची भाषा हिंदी ऐवजी मराठी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ल बघून दिवाणजींचं तोंड वाकडं व्हायचं, ते बंद झालं.

एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये नव्वद टक्के बरोबर उघडल्या. राहिलेले दहा टक्के डोकं खातात. आमचा दरांचा तक्ता आहे, 30 बाय 60 इंची टॉवेल, डझनाचं वजन, सुताचा भाव, त्यावरून दर. त्यात जुन्या एका मुलानं लिहिलेलं मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम, होतं, ते चाललं नाही. पुतण्यानं दोन रविवार घालवून ते साध्या सूत्रांवर आणलं, आणि खरं सांगायचं तर आता ते मला पहिल्यांदा समजतंय. कॅलिब्री फॉन्ट नसला तरी कार्लिटो त्याच मापाचा आहे, त्यामुळे इंग्रजी रकाने हलले नाहीत, मराठी मथळे मात्र हलले. आकडे 125,000 असे यायला लागले होते, फॉरमॅट बदलून 1,25,000 करता येतात. एकदाच करायचं, पण कुठं करायचं ते सापडायला पाहिजे.

प्रिंटरचा किस्सा सांगितला नाही तर ही गोष्ट अर्धीच राहील. आमचा जुना लेझर प्रिंटर, कंपनीचं नाव घेत नाही, हा स्वतः काही समजत नाही. पान कसं छापायचं हे सगळं कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ठरवतो आणि त्याला नुसते ठिपके पाठवतो. तो ड्रायव्हर लिनक्ससाठी होता, बसला, महिनाभर चालला. मग जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेआधी माल निघायची घाई, बेंगळुरूची गाडी दारात, ई-वे बिल ब्राउजरमध्ये निघालेलं, आणि आदल्या दिवशीच्या अपडेटनंतर प्रिंटर कोरे कागद सोडायलाय. गाडीचा ड्रायव्हर काच वाजवायलाय. डेस्कटॉपवर फाइल नेऊन छापलं. रात्री टाइमशिफ्टनं मशीन आदल्या दिवशीच्या अवस्थेत परत नेलं आणि प्रिंटर चालला. टाइमशिफ्ट ही मिंटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, पण ती पहिल्या दिवशी स्वतः चालू करावी लागते. आम्ही केली होती, नशीब. हल्लीच्या नेटवर्क प्रिंटरांना बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. म्हणजे लॅपटॉप वाचला आणि आता प्रिंटर बदलायचा विचार चाललाय, याला काय म्हणावं?

किरकोळ तक्रारी अजून आहेत. झाकण बंद करून उघडलं की दहातून एकदा पडदा काळाच राहतो. बॅटरी विंडोजवर दीड तास जायची, इथं सव्वा तासात मान टाकते. उन्हाळ्यात पत्र्याखाली तर काही विचारूच नका, बाहेर 43 असताना आत पंखा गिरणीसारखा ओरडतो, तो विंडोजवरही ओरडायचा. एप्रिलमध्ये लाइट सारखी जायची आणि बॅटरी संपून मशीन तीन-चार वेळा धाडकन बंद पडलं. एकदाही फाइल गेली नाही. हे मी लाकडाला हात लावून लिहितोय.

जीएसटीचं रिटर्न ब्राउजरमध्ये भरतो, आमची मालकी एकट्याची असल्यामुळे ओटीपीवर भागतं, डिजिटल सहीचा डोंगल लागत नाही. ज्यांची कंपनी किंवा एलएलपी आहे त्यांना तो लागतो. त्यांनी आपल्या सीएला विचारल्याशिवाय उडी मारू नये.

म्हणून कुणी विचारलं तर मी असं सांगतो. घरातला जुना लॅपटॉप, पोरांचा अभ्यास, बँक, व्हिडिओ, पत्रं, एवढंच असेल तर बिनधास्त टाका, पण एखादा पुतण्या हाताशी ठेवा. दुकानातलं एकमेव मशीन असेल आणि त्यावर टॅली असेल तर टाकू नका. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, आडमार्गानं चालवून दाखवणारे भेटतील, पण मार्चएंडला ते भेटणार नाहीत. आमच्याकडं दोन मशीन होती म्हणून निभावलं.

राहता राहिला डेस्कटॉप. त्याची मुदतवाढ 13 ऑक्टोबरला संपते, यंदा दिवाळीच्या आधी. तेव्हा त्याची नेटची केबल काढून टाकायची, टॅली तिथंच ठेवायची आणि बाकी सगळं लॅपटॉपवर, असं माझ्या डोक्यात आहे. दिवाणजींना सांगितलं. त्यांनी कोऱ्या फाइलमध्ये इनस्क्रिप्टनं एका ओळीत टाइप करून लॅपटॉप माझ्याकडं फिरवला: 'आणि दुसऱ्या दिवशी बॅकअप कोण घेणार?'