त्याच्या कॅमेऱ्यावर फोकस होत होता

लेन्स अस्सल निकॉनची होती, चालू होती, चोरीची नसावी. तरी साडेआठ हजारांना मी बुडालो. नवीन कॅमेरा घेऊन पहिली लेन्स शोधणाऱ्यांनी हे वाचावं, विशेषतः निकॉनवाल्यांनी.

दिवाळीत भाच्याने त्याचा जुना निकॉन डी५६०० कॅमेरा मला दिला, सोबत कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती १८-५५ची किट लेन्स. फेब्रुवारीत मुलीचा नाच होता, टिळक स्मारकला. रंगीत तालमीला गेलो तेव्हा कळलं की ही लेन्स झूम करून ५५वर नेली की तिचं प्रकाश घेणारं भोक, म्हणजे ॲपर्चर, एफ ५.६पेक्षा जास्त उघडतच नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). स्टेजवरच्या त्या लाल-निळ्या उजेडात पोरींचे हात पुसल्यासारखे आले. ५० मिमीची एफ १.८वाली लेन्स त्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश घेते, तेव्हा तीच घ्यायची ठरवलं. नवी परवडेना, म्हणून जुन्याच्या जाहिराती चाळत बसलो.

एक सापडली. 'निकॉन ५० १.८, वापर अगदी कमी, बिलासह, नऊ हजार.' बिलाचा फोटो मागितला तर दोन मिनिटांत आला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, 'एएफ-एस, ५० मिमी, १.८ जी'. जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी बागेच्या फाटकापाशी दुपारी चारला भेटलो.

तिशीचा मुलगा, बोलायला गोड. गळ्यात त्याचा स्वतःचा डी७२०० आणि लेन्स त्यावर आधीच लावलेली. माझा कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी चेन ओढली तसा तो म्हणाला, "सर, इथे नका हो बॉडी उघडी करू. धूळ बघताय ना? सेन्सरवर बसली की साफ करायचा वेगळा खर्च. माझ्यावरच बघा." आता यात खोटं काय होतं? रस्त्यावर लेन्स बदलू नकोस मामा, हे भाच्यानेही बजावलं होतं. तेवढ्यात पीएमपीची बस धूर ओकत गेली आणि मला तो मुलगा आणखीच जाणकार वाटला.

चार फोटो काढले. झर्रकन फोकस होत होता, मागची झाडं मऊ लोण्यासारखी विरघळत होती. रोख दिले तर पाचशे कमी करतो म्हणाला. समोरच्या एटीएमला पळालो. दहाची कोथिंबीर तीनदा उलटीपालटी करून घेणारा माणूस मी, पण लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून हातात घेतली ती पैसे दिल्यावर.

घरी लावली तर स्क्रीनवर 'एफईई' असं काहीतरी. लेन्सवरची गोल कडी २२ आकड्यावर नेऊन अडकवली तेव्हा ते गेलं, फोटो निघू लागले, पण फोकस ढिम्म हलेना. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, लेन्सवर काय लिहिलंय ते वाच."

"एएफ निक्कोर, ५० मिमी, १.८ डी."

"आणि बिलावर?"

पुढे कोणीच बोललं नाही.

नुसतं 'एएफ' लिहिलेल्या अशा डी लेन्सच्या आत फोकसची मोटर नसते. ती बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यातच असावी लागते आणि एका छोट्या दांडीने, स्क्रू फिरवावा तशी, लेन्स फिरवते. डी७२००मध्ये ही मोटर आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या एकाही बॉडीत नाही, आणि माझा डी५६०० त्यातलाच. म्हणजे तो मुद्दाम कोणता कॅमेरा गळ्यात घालून आला होता ते बघा! अशा बॉडीसाठी निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी असंच लिहिलेलं हवं. वाचता आलं नाही तरी डोळ्यांना कळतं: डी लेन्सच्या अंगावर आकडे असलेली ॲपर्चरची कडी असते आणि मागच्या धातूच्या चकतीत खाचेचा स्क्रू दिसतो. जी लेन्सला ती कडी नसते. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते, त्यांना हा ताप नाही.

दुसरा धक्का रात्री. भाच्याने सांगितल्याप्रमाणे कडी १.८वर फिरवली, अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च मारला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! पावसाळाभर कपाटात पडून राहिलेली लेन्स असणार. दुपारच्या उन्हात हे कोणाच्या बापाला दिसलं असतं?

बिलावरचा सिरीयल नंबर आणि लेन्सवरचा नंबर जुळत नव्हते, हेही तेव्हाच बघितलं. फोन बंद, जाहिरात गायब. चौकीत अर्ज दिला. फसवणुकीला आता ४२० नाही, ३१८ कलम लागतं, एवढी माहिती पदरात पडली. पैसे रोख दिलेले, त्यामुळे माग काढायला धागाच नाही. यूपीआयने दिले असते तर निदान एक नाव तरी राहिलं असतं.

जाता जाता, घरातल्या वाढदिवसांसाठी घेत असाल तर ५० नकोच, ३५ बघा. या बॉडीवर ५०चा कोन फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ७५इतका अरुंद होतो. आमच्या हॉलमध्ये फ्रिजला पाठ टेकवूनही आईचं नुसतं डोकं येतं.

नाचाला तीच लेन्स नेली. हाताने फोकस करायचा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये कोपऱ्यात फोकस बसल्याचा हिरवा ठिपका लागला की बटण दाबायचं. तोवर मुलगी दुसऱ्या टोकाला. तीनशेच्या वर फोटो काढले, अकरा स्पष्ट आले. अकराही शेवटच्या नमस्काराचे.