सोलरवाला वस्तीवर आला की आधी मोजायची टेप काढा

आमची वस्ती पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. खाली १९६० मेगावॅटचा प्रकल्प आणि आमची लाईट पावसात एकदा गेली की कधी येईल सांगता येत नाही, आता बोला! म्हणून घरटी वर्गणी काढून सामायिक सोलर करायचं ठरलं, प्रत्येक घरात दोन बल्ब, मोबाईल चार्जिंग आणि वाटेवर दिवे, बास.

एक जण पिकअप घेऊन आला, गोड बोलणारा, "आबा, मी तुमच्याच भागातला, पैसे कुठं पळून जात्यात". ३३० वॅटचे चार पॅनल, १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) नव्या ट्यूबलर बॅटऱ्या, सगळं रोखीत, आणि बिल म्हणून शिक्का मारलेली चिठ्ठी. जीएसटी बिल मागितलं तर म्हणे उगाच टॅक्स कशाला भरता.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं, मग संध्याकाळी आठलाच अंधार. भाच्याचा मित्र आयटीआयवाला आहे, त्याने काय केलं तर सरळ पॅनलवरचे चौकोन, म्हणजे सेल, मोजले. ६०! ३३० वॅटच्या जुन्या पॉली (पॉलिक्रिस्टलाइन) पॅनलला ७२ सेल असतात आणि लांबी जवळजवळ दोन मीटर भरते, आमचा पावणेदोनलाही कमी. दुपारी वायर सोडवून मल्टीमीटर लावला तर ३६-३७ व्होल्ट, ७२ सेलवाल्याला ४५ च्या आसपास यायला पाहिजेत. म्हणजे फार तर २५०-२६० वॅटचा माल, मागं ३३० चं स्टिकर. मागचं स्टिकर कुणीपण छापतं हो, काचेच्या आतला बारकोड मात्र बदलता येत नाही, तो नंबर आणि मागचा नंबर जुळतच नव्हता.

बॅटरीचं तर विचारूच नका. लेबल नखानं उचकटलं तर खाली दुसऱ्याच कंपनीचं अर्धवट खरवडलेलं लेबल, जुन्या बॅटऱ्या रंगवून दिलेल्या. तसं पण १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट, आणि बॅटरी टिकवायची तर त्यातलं निम्मंच वापरायचं, हे त्या पठ्ठ्यानं हिशोबात धरलंच नव्हतं, पावसाळ्यातल्या ढगांचं तर नावच नाही.

फोन आता बंद लागतो. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार दिलीय पण पक्कं बिल नाही म्हणून घोडं तिथंच अडलंय. तो सध्या जावळीकडं फिरतोय असं कानावर आलंय. तिकडं कुणाचे पाहुणे असतील तर सांगा, माल पिकअपमधून उतरायच्या आधी सेल मोजा, बारकोडचे नंबर बिलावर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत देऊ नका.