पंचायतीनं एआय चॅटबॉट घ्यावा की वाचनालयात माणूस बसवावा?

लोकांनी एआय नीट वापरावं म्हणून काहीतरी करूया असं आता पंचायतीतले सदस्यपण बोलायला लागलेत, चांगलंच आहे, पण पैसे कुठं घालायचे इथं घोडं अडतं. कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातल्या आपल्या मराठी गावांना खरे पर्याय दोनच. शाळेत एक व्याख्यान आणि ग्रुप फोटो, हा तिसरा सोडूनच द्या.

व्हॉट्सअ‍ॅप चॅटबॉट घेतला तर रात्री अकरालापण उत्तर मिळतं, कुठल्या दाखल्याला काय कागद लागतात एवढं कळलं तरी हेलपाटे वाचतात. पण माहिती अपडेट कोण करणार? पीडीओची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याची, बदली झाली, नियम बदलला, आणि बॉट आपला जुनंच सांगत बसला तर लोक भांडायला सदस्याच्याच दारात येणार की ओ. मराठीत आपल्या बोलण्यासारखं विचारून बघा, डेमोत सगळं गोडच चालतं.

वाचनालय, म्हणजे अरिवु केंद्र, तिथं जागा आहे, बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आहे, घरपट्टीवर 6 टक्के ग्रंथालय सेस आपण भरतोच. आठवड्यातनं दोन संध्याकाळी मराठी-कानडी दोन्ही वाचणारं पोरगं मानधनावर बसवायचं. आता लोक काय करतात, जमिनीच्या कानडी उताऱ्याचा फोटो एआयवर टाकून 'मराठीत सांग' म्हणतात, साधारण अर्थ बरोबर येतो पण हिस्सा नंबर किंवा 11 नंबरच्या कॉलममधलं सोसायटीचं कर्ज, तिथं कधीकधी मशीन काहीही ठोकून देतं आणि तेपण इतक्या ठामपणे की शंकाच येत नाही. शेजारी माणूस असला की 'मामा, आकडा मूळ कागदावर बघूया' म्हणतो, एखाद्या नोटिशीबरोबर आधारचापण फोटो एआयवर चालला असेल तर थांबवतो.

पोरांचं तर वेगळंच. चॅटजीपीटीला 13 वर्षांची अट आहे, 18 पर्यंत पालकांची परवानगी लागते, हे किती आईबापांना माहितीय? कोण रात्र रात्र मनातलं त्यालाच सांगत बसत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 भिंतीवर मोठ्या अक्षरात पाहिजे, आणि खोट्या आवाजाच्या फोनवर पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930.

वाचनालयाची अडचण एवढीच, बायका संध्याकाळी तिथं येत नाहीत. मग त्या पोरालाच बायकांच्या स्त्रीशक्ती बचत गटाच्या मीटिंगला पाठवा.

निपाणीसारख्या नगरपालिकेकडं स्टाफ आहे, त्यांनी बॉट घेतला तर चालेल. लहान पंचायतीनं आधी वाचनालयच करावं, आणि बॉट घ्यायचाच असला तर चुकीच्या उत्तराची जबाबदारी कुणाची ते कंत्राटात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.