एचपी उतरलीच नव्हती, आणि गाडी पुरातली निघाली

२०२२ च्या गणपतीआधी गाडी दारात हवी, या घाईत माझं चुकलं. मी गुहागरचा. बाबांना महिन्यातून दोनदा रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. चिपळूणच्या एका एजंटाकडे सात वर्षं वापरलेली डिझेल गाडी ३ लाख १० हजारांत ठरली.

आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) बँकेचं नाव होतं, म्हणजे कर्जाचा बोजा, ज्याला एचपी म्हणतात. विचारलं तर म्हणाला, "दादा, लोन कधीच फिटलंय. एचपी उतरवून गाडी नावावर करून देतो, तुम्ही फक्त सह्या करा." मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म ३० वर मी सही केली. पैसे सगळे दिले, त्यातले १ लाख ७० हजार रोख.

मग "साहेब रजेवर आहेत", "सर्व्हर डाऊन आहे" ऐकण्यात दोन महिने गेले. शेवटी स्वतःच रत्नागिरीच्या आरटीओत गेलो. बँकेने सही केलेला फॉर्म ३५ आणि एनओसी नसेल, तर बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना बँकेच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. बँकेत कळलं, मूळ मालकाचे हप्ते थकलेत. वसुलीवाले कधीही दारातून गाडी नेतील! एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला असता तर हा बोजा कायम असल्याचं पहिल्याच दिवशी दिसलं असतं. एजंटाच्या तोंडी शब्दावर अजिबात जाऊ नका. विमाही जुन्याच नावावर राहिला. तो १४ दिवसांत बदलून घ्यायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ. कार्पेटखाली वाळलेला गाळ, फ्यूजबॉक्सच्या पिना हिरव्या पडलेल्या. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ही गाडी बुडाली असणार, तो म्हणाला. खालून नवं काळं कोटिंग मारलेलं मी पाहिलं होतं. खाऱ्या हवेपासून जपलीय, असं समजून उलट खूशच झालो होतो. आपल्याकडे गाडी घेताना आधी कार्पेट उचला, सीटबेल्ट पूर्ण ओढा, आणि खालून बघायला ओळखीचा मेकॅनिक न्या. विमा कंपनीकडे पुराचा क्लेम झालाय का, हे मालकाला विचारायला लावा.

एजंटाचा गाळा आता बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा पहिल्यांदा पावत्या मागितल्या. माझ्याकडे १ लाख ४० हजारांच्या बँक ट्रान्सफरचा पुरावा आहे. रोख दिलेल्या पैशांची साधी चिठ्ठीही नाही.