आमच्या ऑफिसातला दिव्यांग कर्मचाऱ्यांचा गट : दोन वर्षं आत राहून

गेल्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या ऑफिसात ईआरजी सुरू होतोय. नाव देऊ का, की नुसता फोटो काढायचा कार्यक्रम असतो? फोनवर मला बोलणं नीट उमगत नाही, म्हणून लिहूनच कळवायला बसले आणि मजकूर वाढत गेला. तिच्यासारखे विचारणारे आणखीही असतील, म्हणून सगळंच मांडतेय.

ईआरजी म्हणजे एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप. ऑफिसात ज्यांच्या अडचणी एकसारख्या आहेत त्यांनी मिळून चालवायचा आणि कंपनीने मान्यता द्यायची, असा गट. सुरुवात अमेरिकेतली. १९६४ साली रॉचेस्टर शहरात वांशिक दंगल झाली, आणि तिथल्याच झेरॉक्स कंपनीत १९७० साली कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचा गट उभा राहिला. कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांचा त्याला पाठिंबा होता. नोकरी मिळाली म्हणजे माणूस आत आला असं होत नाही. बढती, पगार, रोजची वागणूक, ही दारं त्यानंतर लागतात आणि ती एकट्याने ठोठावून उघडत नाहीत. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय.

आमची विमा कंपनी, ऑफिस लोअर परळला. मी क्लेम्समध्ये, १६ वर्षं झाली. ऑफिसात असे तीन गट आहेत : एक बायकांचा, एक प्राइड (समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा सहकाऱ्यांचा) आणि तिसरा आमचा, दिव्यांगांचा. पहिल्या दोघांबद्दल मी लिहिणार नाही, मी त्यांत नाही.

माझे दोन्ही कान हळूहळू गेले. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी केली तेव्हा ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, ६४ डेसिबलची घट आली. कायद्याने दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे 'कमी ऐकू येणारे', ७० च्या पुढे 'बहिरे'. पण आकड्यावरून माझी खरी अडचण कळत नाही. मला आवाज येतो. शब्द कळत नाहीत. बारीक, उंच आवाज गेलेत, त्यामुळे स, श, ट, ठ, फ ही अक्षरं गळतात आणि मधले स्वर तेवढे उरतात. त्यांवरून, ओठांवरून आणि संदर्भावरून मी दिवसभर शब्द जुळवत असते. संध्याकाळी डोकं दुखतं ते कामाने नाही, या जुळवाजुळवीने. २०२० नंतर सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, ओठ दिसेनासे झाले, आणि तेव्हा मला कळलं की मी किती कमी ऐकते.

तोवर हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. केस मोकळे सोडायचे म्हणजे कानामागचं मशीन, श्रवणयंत्र, दिसत नाही. मीटिंगमध्ये सगळे हसले की हसायचं. एकदा साहेबांनी काचेच्या केबिनमधून जाता जाता एका फाइलीतली कपात सांगितली, 'सात हजार'. मी साठ घातले. पेमेंट जायच्या आधी तपासणीत सापडलं, पॉलिसीधारकाचं नुकसान झालं नाही, पण मला विचारलं तेव्हा मी 'लक्ष नव्हतं' म्हणून सांगितलं. ऐकू आलं नाही, हे सांगायची हिंमत झाली नाही. निष्काळजी ठरणं मला सोपं वाटलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, 'निष्काळजी' हा शब्द आला.

दोन वर्षांपूर्वी गट निघाला तेव्हा मी नाव दिलं ते या शब्दामुळे.

पहिलं वर्ष फुकट गेलं असं स्पष्ट सांगते. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्याचे निळे टी-शर्ट, केक, स्टेजमागचा फ्लेक्स आणि एक पाहुणे यांत वर्षाचं सगळं बजेट संपलं. पाहुणे चांगलं बोलले असावेत. त्यांच्या मागे खिडकी होती, चेहरा अंधारात, स्क्रीनवर कॅप्शन नाहीत. दिव्यांगांच्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसून पाऊण तास एक शब्द न कळता टाळ्या वाजवल्या. शिवाय मीटिंग साडेसहाला ठेवायचे. मला करी रोडहून स्लो पकडून दादर, तिथून डोंबिवली फास्ट. आमच्यातले एक सहकारी कुबड्या घेऊन चालतात, त्यांना गर्दी वाढायच्या आत निघावंच लागतं. ज्यांच्यासाठी गट तेच घड्याळाकडे बघत बसलेले असत.

गाडी रुळावर आली ती एका फायर ड्रिलमुळे, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायच्या सरावामुळे. जून होता. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मशीनमध्ये शिरते, आवाज खरखरतो. मी वॉशरूममध्ये दोन्ही मशीनं काढून पुसत होते आणि सेल बदलत होते. ३१२ नंबरचे सेल, तपकिरी स्टिकरचे. स्टिकर काढला की मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. तो मिनिट मोजून बाहेर आले तर आठवा मजला रिकामा. सगळे कॉम्प्युटर चालू, खुर्च्यांवर पर्स, एका टेबलावर चहातून वाफ निघत होती. मी नावानं हाका मारल्या. काय झालंय हे कळायला जो वेळ गेला तो मी विसरू शकत नाही. खाली सगळे रांगेत उभे होते, मोजणी पूर्ण झालेली होती, आणि मोजणीत मी नव्हते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा केस बांधून गेले आणि हे सगळं सांगितलं.

त्या दिवशी आमचे स्पॉन्सर हजर होते. गटाला वरच्या हुद्द्यावरचा एक माणूस पाठीशी लागतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. त्याच्या सहीशिवाय एक दिवासुद्धा लागत नाही. त्यांनी भाषण केलं नाही, वहीत लिहून घेतलं. दिवा लागायला सात महिने गेले, इमारतीची परवानगी, फायरवाल्यांचं कोटेशन. आता प्रत्येक मजल्याच्या वॉशरूममध्ये भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा आहे, आणि ड्रिलला माझ्या शेजारची मुलगी मला शोधून खाली घेऊन जाते, असं कागदावर लिहिलेलं आहे.

त्यानंतर आम्ही कायदा काढून वाचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व येतं. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. समान संधीचं लेखी धोरण खासगी कंपनीलाही ठेवावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकारी नेमावा लागतो. आमच्याकडे धोरण होतं, अधिकाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. आम्ही ते एचआरच्या मॅडमना दाखवलं, त्यांनी आठवड्यात नाव भरलं. मॅडम मनाने चांगल्या आहेत, पण गटाचं नेतृत्व एचआरकडे नसावं असं माझं ठाम मत आहे. तक्रार ज्यांच्याकडे न्यायची तेच अध्यक्ष असले की लोक तोंड उघडत नाहीत.

दुसऱ्या वर्षात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मीटिंगच्या खोलीचा. खर्च जवळपास शून्य. बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, पडदे ओढायचे, एका वेळी एकानेच बोलायचं, विषयांची यादी आदल्या संध्याकाळी पाठवायची. स्क्रीनवर कॅप्शन लावतात, पण आमची बोली मराठी, हिंदी, इंग्रजी अशी एका वाक्यात तिन्ही. 'रिजेक्ट नको करूया, अभी क्वेरी टाकू' असं कुणी म्हटलं की कॅप्शनची दाणादाण उडते. म्हणून आम्ही पाळी लावली : दर मीटिंगला एकाने लॅपटॉपवर मुद्दे टाइप करत राहायचं, आणि ते सगळ्यांना समोर दिसायचे. आकडे तर टाइप करायचेच. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. आता उशिरा येणारे, बंगळूरहून जोडले जाणारे, सगळेच त्या मुद्द्यांवर अवलंबून असतात, आणि मी रजेवर असले तरी पाळी चुकत नाही. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, मागचे मुद्दे चाळताना दिसलं. त्या दिवशी मी जागेवर बराच वेळ गप्प बसून होते.

मशीनच्या खर्चाचं थोडक्यात सांगते, कारण हे माझंच खातं आहे. बहुतेक आरोग्य विम्यात श्रवणयंत्राचा खर्च वगळलेला असतो. माझ्या जोडीला ८० हजार गेले, आणि असे क्लेम नामंजूर करणारी पत्रं मी स्वतः वर्षानुवर्षं तयार केलीत. गटाने मागणी लावून धरली आणि आमच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुप पॉलिसीत यंदा ठरावीक मर्यादेपर्यंत हा खर्च जोडला गेला. तीनच जणांनी आजवर वापरला. त्यातले दोघे तोवर आमच्यासमोर आलेलेच नव्हते.

आता ज्यासाठी मी गुण कापणार आहे ते. पँट्रीत एक तरुण आहे, जन्मापासून बहिरा. तो भारतीय सांकेतिक भाषा अस्खलित बोलतो. २३ सप्टेंबरच्या सांकेतिक भाषा दिनाला कुणीतरी सुचवलं की वर्ग घेऊया, आणि शिकवायला तोच उभा राहिला. पहिल्या वर्गाला आठ जण, तिसऱ्याला तीस. इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात, टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, हाक मारायची तर खांद्याला हलकेच स्पर्श करायचा किंवा दिवा चालू-बंद करायचा, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. प्रत्येकाला त्याने खुणेचं नाव दिलं. ते बहिऱ्या माणसानेच द्यायचं असतं. माझं नाव म्हणजे एका बोटाने केस कानामागे सारणं. त्याने मला केस बांधायला लागल्यापासून बघितलं होतं, आणि त्याआधीही. आम्ही चौघी कॉफीचे कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत होतो आणि मला पहिल्यांदा कुणाचंही बोलणं जुळवावं लागलं नाही.

तो तरुण आमच्या गटाचा सभासद नाही. तो कंत्राटदाराचा माणूस, त्याला कंपनीचा मेल आयडी नाही, आणि नियम असा की आयडी नसेल तर गटात नाव नाही. हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, पँट्री, सगळ्यांना हेच लागू. म्हणजे आमच्या मजल्यावरचा सर्वात बहिरा माणूस आम्हाला बहिरेपण शिकवतो आणि वर्ग संपला की ट्रे उचलून आत जातो. पहिले चार वर्ग त्याने जेवणाच्या सुट्टीत घेतले, पैशाशिवाय. मी विचारलं तर त्याने फोनवर टाइप करून दाखवलं, 'ताई, चालतं. इथे कुणी बोलत नाही माझ्याशी, त्या दिवशी बोलतात.' मी ते वाचून स्पॉन्सरकडे गेले. आठ महिने मेल चालले. आता वर्ग कामाच्या वेळात होतो, त्याचे वेगळे पैसे कंत्राटदारामार्फत मिळतात, आणि ३ डिसेंबरच्या कार्यक्रमाऐवजी तोच खर्च वर्षभराच्या वर्गांवर टाकलाय. सभासदत्व अजून नाही. नियम दिल्लीच्या ऑफिसातून बदलायचा आहे म्हणतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर साडेतीन. दीड गुण त्याच्या नावासाठी राखून ठेवलाय.

मैत्रिणीला मी लिहिलं ते असं. नाव दे. पहिल्याच मीटिंगला तीन गोष्टी विचार : गटाचं काम कामाच्या तासांत धरणार का (आमच्याकडे महिन्याला दोन तास धरतात, आणि अप्रेझलमध्ये त्याची नोंद होते), पैसे कशावर खर्च होणार, आणि कंत्राटी लोकांना घेणार का. तिसऱ्यावर खोली शांत झाली तरी उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नकोस. आणि तुला काही लपवावं लागत असेल, तर ते पहिल्या दिवशी सांगायची सक्ती नाही. मला वर्ष लागलं.

आमचा पुढचा वर्ग गुरुवारी साडेचारला, आठव्या मजल्यावर. यावेळी तो आकडे शिकवणार आहे. सात आणि साठ यांच्या खुणा त्याने मला आधीच दाखवून ठेवल्यात. एकमेकींशी मुळीच मिळत नाहीत त्या.